बटाट्याचा करपा आणि बुरशीचं कुळ

१७६७ साली कार्ल लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची बारावी आवृत्ती निघाली. प्रत्येक जीवाला नाव आणि जागा देण्याचा ध्यास घेतलेल्या या स्वीडिश पंडिताने त्यात कृमींच्या वर्गात ‘केऑस’ नावाची एक प्रजाती घातली. बुरशीच्या बीजांतून बाहेर पडतात असे समजले गेलेले काही सूक्ष्म जीव त्याने तिच्याखाली नोंदवले. १७५३ साली याच लिनियसने अळंबी आणि बुरशा वनस्पतींच्या यादीत, अगदी शेवटच्या चोविसाव्या वर्गात, नेचे आणि शैवालांच्या शेजारी बसवल्या होत्या. म्हणजे आता अळंबी वनस्पतींत राहिली आणि तिचं बीज प्राण्यांत गेलं. या घोळाचं मूळ ओटो फॉन म्यूनशहाउझेन या जर्मन जमीनदाराच्या एका प्रयोगात होतं. धान्यावरच्या काणीची काळी भुकटी त्याने कोमट पाण्यात भिजत ठेवली. काही दिवसांनी त्या पाण्यात वळवळणारे जीव त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आणि लिनियसला ते पटलं. ते भिजवणीच्या पाण्यात वाढलेले दुसरेच सूक्ष्मजीव होते.

लिनियससारखा माणूस इथे चाचपडला याचं नवल वाटायला नको. बुरशीला पान नाही, फूल नाही, मूळ नाही, हिरवा रंगही नाही. पावसाची एक झड येऊन गेली की काल मोकळ्या असलेल्या जमिनीवर आज भूछत्रं उभी असतात आणि चार दिवसांत ती विरघळूनही जातात. भूमिगत ट्रफल ही अळंबी मेघगर्जनेमुळे जमिनीत तयार होते, अशी समजूत ग्रीक-रोमन काळी प्रचलित होती आणि प्लूटार्कने तिच्यावर एक अख्खी चर्चा लिहून ठेवली आहे. अठराव्या शतकातही अनेक विद्वान मानत की कुजणारा पदार्थच बुरशीचं रूप घेतो. ही समजूत वर्गीकरणाच्या मुळावरच येणारी होती. जो जीव दर वेळी नव्याने कुजकटातून जन्मतो, त्याला आईबाप नाहीत आणि आईबाप नाहीत म्हणून कुळही नाही. मग त्याची जागा कुठल्या कुळात शोधायची?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर लिनियसच्या आधीच एकाने देऊन ठेवलं होतं. पिएर आंतोनियो मिकेली हा फ्लॉरेन्समधल्या गरीब घरातला मुलगा. पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारी करता करता तो वनस्पतिशास्त्र शिकला आणि पुढे टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या पदरी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. बुरशीवर दिसणारी धुळीसारखी भुकटी हे तिचं बीज असावं अशी त्याला शंका आली आणि त्याने ते बीज चक्क पेरलं. खरबूज, नाशपाती, बिही यांच्या ताज्या फोडी कापायच्या, त्यांवर एका बुरशीची भुकटी कुंचल्याने लावायची आणि वाट पाहायची. ज्या बुरशीची भुकटी लावली तीच बुरशी उगवली. तिची भुकटी घेऊन पुन्हा पेरली, पुन्हा तीच आली. काही फोडींवर न पेरलेल्या बुरशाही उगवल्या. तेव्हा त्यांची बीजं हवेतून आली असली पाहिजेत, असा अर्थ त्याने लावला. पाश्चरच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीचा हा विचार आहे.

मिकेलीचा ग्रंथ १७२९ साली छापला गेला. छपाईला पैसे नव्हते, म्हणून एकेक चित्रफलक एकेका आश्रयदात्याला अर्पण करून त्याने ते उभे केले. त्यात सुमारे १९०० जीवांची वर्णनं आहेत आणि त्यांतल्या जवळपास ९०० बुरशा आणि दगडफुलं आहेत. ॲस्परजिलस आणि म्यूकर ही आज प्रत्येक प्रयोगशाळेत आणि इस्पितळात ऐकू येणारी नावं या ग्रंथातली आहेत. तरी त्याच्या पेरणीच्या प्रयोगांकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. माझ्या मते बुरशीशास्त्राच्या इतिहासात याहून मोठी उपेक्षा झालेली नाही. मोंते बाल्दोच्या डोंगरांत नमुने गोळा करायला गेलेला मिकेली फुप्फुसाचा आजार घेऊनच परतला आणि १७३७ साली गेला.

पुढचं शतक वर्णनांचं होतं. केप ऑफ गुड होप इथे जन्मलेल्या आणि लहान वयात शिक्षणासाठी युरोपात पाठवलेल्या क्रिस्तियान हेंड्रिक पेर्सूनने १८०१ साली बुरशींची पहिली पद्धतशीर मांडणी छापली. पॅरिसमध्ये तो दारिद्र्यात राहिला आणि शेवटी हयातभर जमवलेला संग्रह डच सरकारला देऊन त्याने त्याबदल्यात निवृत्तिवेतन घेतलं. तो संग्रह आजही लायडेनला आहे. त्याच्या पाठोपाठ स्वीडनचा एलियास फ्रीस आला. बाराव्या वर्षी आईबरोबर रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला गेला असता एका जळक्या जंगलात पोवळ्यासारखी फुटलेली भलीमोठी अळंबी पाहून त्याला हा छंद लागला, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. १८२१ ते १८३२ या काळात आलेल्या त्याच्या ‘सिस्टिमा मायकोलॉजिकम’ने अळंब्यांचं जग लावून दिलं. छत्रीखाली पडदे आहेत, छिद्रं आहेत की काटे आहेत हे आधी पाहायचं. पडदे असतील तर छत्री कागदावर पालथी ठेवून खाली पडणाऱ्या बीजाणूंचा रंग पाहायचा: पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट की काळा. अळंब्या गोळा करणारे लोक ओळख पटवण्यासाठी आजही हेच करतात.

फ्रीसची मांडणी सुंदर होती, पण ती नजरेला दिसणाऱ्या रूपावर बेतलेली होती. बुरशी जगते कशी, वाढते कशी, दुसऱ्या जीवाच्या आत शिरून काय करते, हे तिच्यात नव्हतं. त्याची चुणूक दुसरीकडे दिसू लागली होती. १८०७ साली फ्रान्समधल्या मोंतोबाँ गावी बेनेदिक्त प्रेव्होने गव्हाच्या काणीचे बीजाणू पाण्यात रुजताना पाहिले, ती काणी एका जीवामुळे होते असं सांगितलं आणि मोरचुदाने ती रोखताही येते हे दाखवलं. विद्वानांनी ते मनावर घेतलं नाही. १८३५ साली इटलीत आगोस्तिनो बास्सीने रेशमाच्या किड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे सिद्ध केलं. हे सगळं एका कोपऱ्यात राहिलं असतं. पण १८४५ उजाडलं.

त्या वर्षीचा युरोपातला उन्हाळा थंड आणि ओला होता. जूनच्या अखेरीस बेल्जियममध्ये बटाट्याच्या पानांवर करप्याचे काळपट डाग दिसू लागले. ऑगस्टमध्ये रोग इंग्लंडच्या दक्षिण टोकाला पोचला आणि सप्टेंबरपर्यंत आयर्लंडमध्ये. ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकाचे संपादक जॉन लिंडली यांनी १३ सप्टेंबरच्या अंकाची छपाई थांबवून ही बातमी घातली, कारण तिचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. आयर्लंडमधल्या लाखो कुळांचं जवळपास सगळं पोट बटाट्यावर होतं आणि तोही बहुतांशी ‘लंपर’ या एकाच वाणाचा. कंदापासूनच लावत आलेलं ते पीक आनुवंशिकदृष्ट्या शिवारभर एकसारखं होतं. पानं काळी पडत, शेताला दुर्गंधी सुटे आणि धडधाकट म्हणून काढलेले बटाटे साठवणीत लगदा होऊन जात.

हे कशामुळे? उत्तरांची रीघ लागली. नव्याने सुरू झालेल्या आगगाड्यांमुळे हवेत साठलेली वीज, ज्वालामुखीची वाफ, पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, देवाचा कोप. लिंडली स्वतः नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की ढगाळ, थंड हवेत झाडांनी झेपेल त्याहून जास्त पाणी शोषलं, त्यांना जणू जलोदर झाला. पानांवर दिसणारी पांढुरकी बुरशी त्या कुजण्यावर मागाहून आलेली आहे. त्या काळच्या ज्ञानाला हे धरूनच होतं. मेलेल्या, सडलेल्या गोष्टींवर बुरशी येते हे तर घराघरात दिसत होतं.

याच्या उलट बोलणारा माणूस होता माइल्स बर्कली, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या लहान खेड्यांचा पाद्री. चर्चचं काम सांभाळून तो बुरशींचा अभ्यास करी. डार्विनने बीगल जहाजावरून आणलेल्या बुरशा त्यानेच वर्णिल्या होत्या आणि पुढे जोसेफ हूकरने सिक्कीमच्या हिमालयातून पाठवलेल्याही त्याच्याचकडे आल्या. पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्यातला निवृत्त डॉक्टर कामिय मोंताञ याने ऑगस्टमध्येच या बटाट्यावरच्या बुरशीला नाव देऊन टाकलं होतं आणि आपली चित्रं त्याने बर्कलीला मोकळ्या हाताने दिली. जानेवारी १८४६ मध्ये बर्कलीचा लेख लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात आला. बुरशीचे तंतू पानाच्या जिवंत पेशींमधून वाढत आहेत, पानाच्या रंध्रांतून बाहेर पडून बीजाणू धरत आहेत आणि सडणं त्याच्या मागून येतं, हे त्याने चित्रांसह मांडलं. ओल्या हवेचा वाटा त्याने नाकारला नाही. पण बुरशी ही रोगाचं कारण आहे, परिणाम नव्हे, असं तो ठाम म्हणाला.

त्याच्याकडे निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. आणि सरकारने आयर्लंडला जी समिती पाठवली तिच्यात लिंडली होते, बर्कली नव्हता. समितीने बटाटे वाळवायला, हवा खेळेल अशा खड्ड्यांत ठेवायला आणि सडलेल्यांतून पिष्ट काढायला सांगितलं. त्यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. १८४६ साली पीक जवळजवळ पूर्णच गेलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली आयर्लंडची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. ही सगळी हत्या एका सूक्ष्मजीवाच्या माथी मारणं मात्र मला मान्य नाही. रोग बेल्जियममध्ये आणि स्कॉटलंडमध्येही होता. आयर्लंडमध्ये जमीन जमीनदारांची होती, भाडं थकलेल्या कुळांना घरांतून हुसकलं जात होतं, देशातलं धान्य परदेशी जात होतं आणि बाजारात हात घालायचा नाही हे सरकारचं धोरण होतं. पीक रोगाने मारलं. माणसं का मेली याचं उत्तर लंडनच्या कचेऱ्यांत शोधावं लागतं.

बर्कलीला हवा असलेला प्रयोग करणारा माणूस १८४५ मध्ये फ्रँकफुर्टला शाळेत होता. आंतोन दे बारीने वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८५३ साली, तांबेरा आणि काणी यांच्यावर पुस्तक लिहिलं. तांबेरा हा आजारी झाडातून पाझरणारा विकार नसून बाहेरून आलेला, स्वतःचं आयुष्य असलेला परजीवी आहे, असं त्यात होतं. १८६१ मध्ये तो बटाट्याकडे वळला. निरोगी रोपं घेतली, काहींच्या पानांवर बीजाणू टाकले, काहींवर टाकले नाहीत. ओलावा, हवा, उजेड दोन्हींना सारखा. बीजाणू टाकलेली काळी पडली, उरलेली हिरवी राहिली. हवामान हेच कारण असतं तर दोन्ही गेली असती. बीजाणू मातीत मिसळले तर खालचे कंदही सडले. दुष्काळानंतर दशकभराने वाद मिटला.

याच कामात दे बारीला आणखी एक गोष्ट दिसली. थंड पाण्यात ठेवलेल्या बीजाणुकोशांतून लहान लहान पेशी बाहेर पडत आणि दोन शेपट्या हलवत पोहू लागत. भूछत्राच्या बीजाणूंना पोहता येत नाही; ती हातोटी पाण्यातल्या शैवालांची. दे बारीने हे टिपून ठेवलं आणि अशा बुरशींना शैवालांशी साधर्म्य असलेल्या गटात घातलं. पण त्या सगळ्या बुरशाच, याबद्दल त्याला शंका आली नाही. १८७६ मध्ये त्याने बटाट्यावरच्या जीवाला फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे नाव दिलं. ते आजही चालतं.

त्याच्या आणखी एका शोधाने रूपावरच्या वर्गीकरणाला जबर धक्का दिला. गव्हावरचा तांबेरा आणि दारुहळदीच्या जातीच्या झुडपावरचे नारिंगी ठिपके या फ्रीसच्या पिढीला दोन वेगळ्या बुरशा होत्या, दोन नावांच्या. १८६५ च्या सुमारास दे बारीने एकीचे बीजाणू दुसरीच्या झाडावर टाकून दाखवलं की हा एकच जीव आहे, दोन झाडांवर आयुष्याचे दोन टप्पे काढणारा. शेतकऱ्यांना हे आधीच जाणवलं होतं. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी अठराव्या शतकातच ही झुडपं तोडण्याचे कायदे केले होते. तिथून पुढे बुरशीची ओळख ठरवायची तर तिचं अख्खं आयुष्य पाहणं भाग झालं.

दे बारीचा शिष्य मिलार्दे बोर्दोला प्राध्यापक होता. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या डाऊनी या रोगाने फ्रान्समधले द्राक्षमळे ग्रासले होते. हा जीव बटाट्याच्या करप्याचा जवळचा नातलग. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये मेदोकच्या मळ्यांतून जाताना मिलार्देला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्याने प्रयोग करून १८८५ मध्ये मिश्रणाची कृती जाहीर केली. कोकणात सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळा लागायच्या आत आजही हेच बोर्डो मिश्रण फवारतात. तो रोगही फायटोफ्थोराचाच. आणि भारतात बुरशीशास्त्राचा पाया घालणारा एडविन बटलर हा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला होता, दुष्काळाने होरपळलेल्या प्रदेशातला. १९०१ मध्ये तो कोलकात्याला आला, पुढे बिहारमधल्या पुसा इथे गेला आणि १९१८ साली त्याने पिकांच्या बुरशीरोगांवर भारतीय अनुभवावर उभा असलेला मोठा ग्रंथ लिहिला.

इतकं होऊनही बुरशी वनस्पतींच्याच घरात भाडेकरू होती. खरं तर एक पुरावा फार जुना होता. १८११ साली फ्रान्समधल्या नान्सी गावी आंरी ब्राकोनोने अळंबीतून एक चिवट पदार्थ वेगळा केला. तोच पदार्थ पुढे कीटकांच्या कवचातही सापडला आणि किटीन म्हणून ओळखला जाऊ लागला. झाडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात, अळंबीच्या किटीनच्या. ही खूण दीड शतक कुणी वर्गीकरणासाठी नेटाने वापरली नाही. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने जीवांची पाच सृष्टींत विभागणी केली आणि बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली. त्याची कसोटी अन्नाची होती. झाडं अन्न तयार करतात, प्राणी गिळतात, बुरशी आपली पाचकद्रव्यं बाहेर सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. बटाट्याच्या करप्यालाही त्याने याच सृष्टीत जागा दिली.

ती जागा फार टिकली नाही. करप्याच्या कुळातल्या जीवांच्या पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोजच्या आहेत हे रसायनशास्त्र सांगतच होतं. १९८७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएशी जोडलेल्या जनुकांचे क्रम तुलनेला घेतले गेले आणि हे जीव बुरशीचे कुणीच लागत नसल्याचं स्पष्ट झालं. त्यांची भावकी समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी आणि डायटमशी होती. ज्याने बुरशीशास्त्राला शास्त्र म्हणून उभं केलं, बर्कली आणि दे बारी यांचं आयुष्य ज्याच्या मागे गेलं, तो जीव त्या शास्त्राच्या हद्दीबाहेरचा निघाला. तंतूंनी वाढणं आणि शोषून खाणं हे दोन्ही कुळांनी स्वतंत्रपणे कमावलेलं आहे. दे बारीने पाहिलेल्या त्या पोहणाऱ्या पेशींचा खरा अर्थ लागायला सव्वाशे वर्षं गेली.

१९९३ मध्ये आलेल्या दोन शोधनिबंधांनी दुसरी बाजू दाखवली. खऱ्या बुरशीची सर्वांत जवळची भावकी झाडांशी नसून प्राण्यांशी, म्हणजे तुमच्या-माझ्याशी आहे. अळंब्यांचं घरही आतून हललं. छत्रीखाली पडदे असलेल्या सगळ्या अळंब्या एका वंशाच्या नाहीत. २००१ मध्ये ‘कोप्रिनस’ ही काळी शाई गाळणाऱ्या अळंब्यांची जुनी प्रजाती मोडावी लागली, कारण तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध अळंबी बाजारातल्या बटण अळंबीच्या घरातली निघाली. आणि नावांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संहिता २०११ पर्यंत ‘वनस्पतिशास्त्रीय’ म्हणवत होती. त्या वर्षी मेलबर्नच्या अधिवेशनात तिच्या नावात शैवाल, बुरशी आणि वनस्पती असे तीन शब्द वेगळे आले.

या भावकीच्या शोधाचा हिशेब नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार दर हंगामात मांडतो. द्राक्षावरची भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉलच्या जातीचं स्टेरॉल असतं आणि ते तयार होऊ न देणाऱ्या ट्रायझोल गटातल्या औषधांनी ती आटोक्यात येते. डाऊनी ही करप्याच्या कुळातली. ती असं स्टेरॉल बनवतच नाही, त्यामुळे तीच औषधं कितीही फवारली तरी तिच्यावर चालत नाहीत. तिला मेटालॅक्झिलसारखी वेगळी औषधं लागतात, आणि तीही पुन्हा पुन्हा वापरली की ती त्यांना दाद देईनाशी होते. माणसाला बुरशीचा संसर्ग झाला तर डॉक्टरांपुढे उलटी अडचण येते. बुरशीच्या पेशी आपल्या पेशींच्या इतक्या जवळच्या आहेत की तिला मारून रोग्याला न दुखावणारी औषधं मोजकीच मिळतात, आणि त्यांतलीही कित्येक त्या एर्गोस्टेरॉलच्याच फरकावर टेकलेली आहेत.